मामांना सोप्यात झोपवा, माडीवर नको

प्रश्न : आमचे मामा (सासरे) ६८ वर्षांचे. चाळीस वर्षं गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. अठरा दिवसांपूर्वी पहाटे लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, बोलणंही गेलं. सोमवारी घरी न्या म्हणतात. घर मंगळवार पेठेत, जुनं. मामांची खोली माडीवर, जिना उभा, संडास परड्यात. आमचे हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टला, आत्तींचे (सासूबाईंचे) गुडघे गेलेले. म्हणजे करणारी मी एकटी. तालमीची पोरं म्हणतात, "वहिनी, आम्ही चौघं काखेत धरून वर नेतो, काळजी सोडा." दवाखान्याच्या कागदावर नुसत्या गोळ्या लिहिल्यात. मामा खुणेनं पांढरा रस्सा मागतात, देऊ का?
— एक सून, कोल्हापूर

उत्तर : ताई, सोमवार काही मासिकासाठी थांबणार नव्हता. फोनवर बोललो तेच इथं नीट लिहिते, इतरांनाही उपयोगी पडेल.

तालमीच्या पोरांना चहा पाजा आणि खाट खाली आणायला लावा. मामांना हात लावू देऊ नका. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताचं सगळं वजन सांध्यावर लोंबतं. अशा वेळी काखेत हात घालून उचललं किंवा मनगट धरून ओढलं, की खांदा दुखावतो आणि महिनोन् महिने ठणकतो. मग व्यायामाला हात लावू देत नाहीत. मी पंचवीस वर्षं घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. पण माझे वडील घरी आले त्या रात्री मी नि भावानं त्यांना काखेतूनच उचललं. घरचं माणूस समोर असलं की शिकलेलं सुचत नाही, म्हणून आधी सराव लागतो.

तो सराव वॉर्डातच करा. रविवारपर्यंत एकेक काम तिथल्या सिस्टरांसमोर नि फिजिओंसमोर तुम्ही स्वतः दोनदा करायचं: कुशीवर वळवणं, काठावर बसवणं, खुर्चीत घेणं, भरवणं, लघवीची पिशवी असेल तर ती रिकामी करणं. नुसतं बघून येत नाही. "तुम्हाला कळलं ना?" विचारलं तर "करून दाखवते" म्हणा. दोन दिवस जास्त लागले तरी मागून घ्या, त्यात लाज कसली?

खाट सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत टाका. रस्ता दिसेल, येणारी-जाणारी माणसं हाक मारतील. माडीवर ठेवलेला माणूस आठवडाभरात भिंतीकडं तोंड करतो, हे मी पेठेत फार बघितलंय. खाट गुडघ्याइतकी उंच हवी, बसल्यावर दोन्ही तळवे फरशीला टेकले पाहिजेत. परड्यातला संडास विसरा, कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. ती खाटेला लागून त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या अंगाला ठेवा. तुम्ही समोर उभ्या राहा, तुमचा गुडघा त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकवा, कमरेचा पट्टा धरा आणि "पुढं वाका" म्हणा. वाकले की बूड आपोआप सुटतं. उचलायचं नाही, वळवायचं. फायबरची खुर्ची मात्र नको, फरशीवर सरकते.

आता रस्सा. मला हे पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लकव्यानंतर अनेकांचं गिळणं बिघडतं. पातळ पदार्थ घशातून वेगानं उतरतो, श्वासनलिका वेळेत मिटत नाही, आणि घोट फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. पांढरा रस्सा तर पाण्यासारखा पातळ! साधं पाणी, चहा, ताकही त्यातच आलं. दुधात कुस्करलेली भाकरी आपल्याला मऊ वाटते, पण पातळ नि गुठळी एकत्र आली की ती सगळ्यात अवघड. म्हणून घरी नेण्याआधी "गिळण्याची तपासणी झाली का, किती दाट द्यायचं?" हे विचारून लिहून घ्या. बहुधा दाट पेज, घट्ट आंबील असं सांगतील. भरवताना ताठ बसवा, हनुवटी जराशी खाली, लहान चमचा, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. उजव्या गालात घास साठतो आणि त्यांना कळत नाही, तो काढा. खाताना ठसका लागला किंवा आवाज घशात पाणी असल्यासारखा ओला झाला, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. रस्सा गिळणं सुधारल्यावर, तोही कमी मिठाचा. बीपीचं काय करायचं नाहीतर?

बोलण्याचं सांगते. शब्द गेले म्हणजे समज गेली असं नाही, त्यांच्यादेखत "आता काय कळतंय त्यांना" म्हणू नका. पाठ झालेलं बऱ्याचदा शिल्लक राहतं. तुम्ही "एक, दोन, तीन" म्हणा, दिवाणजी आहेत, पुढं मोजत नेतील. आरती म्हणा. आणि एखादी सणसणीत शिवी स्पष्ट आली, तर आत्तींना सांगा, रागावू नका. पेढे वाटा.

मावशी ठेवणार असाल तर रात्रीची ठेवा. कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसभर करून रात्रीही तुम्हीच जागलात, तर पंधरा दिवसांत दुसरी खाट टाकावी लागेल. मामा कारण नसताना रडतील, किंवा गप्प होतील. लकव्यानंतर तिघांतल्या एकाला तरी नैराश्य येतं, त्यावर औषध असतं, तेही डॉक्टरांना सांगा. पहिले तीन महिने सुधारणा वेगानं होते, म्हणून व्यायाम लांबवू नका. रोज घरी बोलावणं परवडत नसेल तर सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करा.

प्रश्न : वडिलांच्या लुळ्या अंगाला कबुतराचं रक्त चोळायला सांगतात. चोळू का? गोळ्या किती दिवस?
— कागल

उत्तर : बिघाड मेंदूत आहे, कातडीत नाही. कबुतराला सोडा. तेलानं हलकं चोळायला हरकत नाही, पण कळ नसलेल्या अंगाला गरम तेल लावाल तर भाजेल आणि त्यांना समजणारही नाही. गोळ्या डॉक्टर सांगतील तोवर, बरं वाटलं तरी. पट्टी संपायच्या चार दिवस आधी नवी आणा. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडं आलं, तर वैदू नको नि वाट बघणंही नको, लगेच १०८.