पासवर्ड आधी परत करा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी २१ वर्षांची, बीएच्या शेवटच्या वर्षाला, घर नागपूरच्या मानेवाड्यात. उन्हाळ्यात ती तीन आठवडे गडचिरोलीत राहून आली. गावातल्या मुलामुलींना मोबाइलवर बातमी करायला शिकवणाऱ्या एका संस्थेसोबत. आता म्हणते, मला गावोगावी पत्रकार घडवायचे आहेत. तिला एमपीएससीकडे कसं वळवावं, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटी सहज लिहून जाता, ‘संस्थेने दिवाळीनंतर पुन्हा बोलावलं होतं. तिच्या ईमेलवरून मीच नकार कळवून टाकला, तिला अजून माहीत नाही.’

परीक्षेचं राहू द्या बाजूला. ती पोरगी अजून दिवाळीनंतर जायच्या हिशेबात असेल आणि तिकडे तिच्या नावापुढे काट मारलेली आहे. काळजीपोटी केलं, असं तुम्ही म्हणता. गडचिरोली म्हटलं की नागपूरच्या आईबापांच्या पोटात गोळा येतो, हे मी वर्षानुवर्षं समोरच्या खुर्चीत बघतो आहे. मग तिच्याशी भांडायचं होतं. संस्थेला फोन करून मुक्काम कुठे, सोबत कोण, रात्रीची गाडी कोणाची, हे विचारायचं होतं. एखाद्या वार्ताहराने न बोललेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घातलं तर त्याची नोकरी जाते. तुम्ही तर तिच्या तोंडी अख्खं पत्र घातलंत. हे उत्तर तिच्या वाचनात येण्याआधी तुम्ही स्वतः सांगा. आज जेवणाआधी. आणि पासवर्ड तिला बदलू द्या.

‘वेळ कसा वाया घालवते’ याचा पुरावा म्हणून तुम्ही तिच्या वहीच्या पानाचा फोटो जोडलात, ते एक बरं केलंत. कुण्या मुलाने लिहिलं आहे, ‘आमच्या गावात पाणी नाही.’ शेजारी तिच्या अक्षरात, लाल पेनाने: ‘हातपंप किती? बंद किती? कधीपासून? ग्रामसेवकांना विचारलं का? त्यांचं म्हणणं कुठे आहे?’ पैसे भरून दोन वर्षं शिकलेल्यांनाही हे पाच प्रश्न सुचत नाहीत. तुम्ही पुरावा पाठवलात खरा, पण तिच्या बाजूचा.

आता एका बाबतीत मी तिच्याही विरोधात आहे. तिचं म्हणणं तुम्ही कळवलं आहे की परदेशी संस्था अशा प्रशिक्षकांना थेट घेतात आणि पगारही चांगला देतात. हा गैरसमज. ज्याची बातमी कधी सरपंचाने फोन करून ‘मागे घ्या’ म्हटलं नाही, त्याने दुसऱ्याला बातमीदारी काय शिकवायची? उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली ‘खबर लहरिया’ हे बायकांनी चालवलेलं वृत्तपत्र सुरू झालं, तेव्हा गावातल्या बायकांनी आधी वर्षानुवर्षं बातम्या केल्या, शिकवणं नंतर आलं. शिवाय हे काम बहुतेक वेळा देणगीदाराच्या प्रकल्पावर चालतं. प्रकल्प संपला की पगार संपला. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली, तर १९८२ पासून याच कामात असलेल्या ‘इंटरन्यूज’ या अमेरिकी संस्थेलाही माणसं कमी करावी लागली. आपल्याकडे तर २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याने वृत्तपत्राचा वार्ताहर, संपादक किंवा मालक परदेशी देणगी घेऊच शकत नाही. म्हणजे गावचं स्वतंत्र वर्तमानपत्र उभं राहायचं तर पैसा इथूनच उभा करावा लागतो. वर्गणी, जाहिरात, देशातले देणगीदार. हा हिशेब तिला अजून कोणी दाखवलेला दिसत नाही.

म्हणून तिने आधी तीन-चार वर्षं बातमीदारी करावी. पगार कमी असेल, तुम्ही नाक मुरडाल. महापालिका, मेडिकल, कोर्ट, जे मिळेल ते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आपल्या दारात असतं, तेव्हा धावपळीला माणूस लागतोच. सोबत गोंडी शिकली तर उत्तम. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’वर लोक साध्या फोनवरून, मिस्ड कॉल देऊन, आपल्या बोलीत बातमी नोंदवायचे, ती ऐकून, तपासून पुढे सोडणारं माणूस मधे लागतं. गोंडी येणारे पत्रकार नागपुरात मला तरी बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर आपल्या विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे, अमरावतीला आयआयएमसीचा, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचा, मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम आहे. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटातून वयाच्या ३८ पर्यंत बसता येतं. तिला वाटलं तर बसेल.

दिवाळीला अजून वेळ आहे. संस्थेला काय कळवायचं ते तिला लिहू द्या. तुम्ही जायला हरकत नाही, आरमोरीपर्यंत एसटीने सोडून या, मुलामुलींचा वर्ग तासभर मागे बसून बघा. येताना मात्र एकटे या.