जिवंत गाडलं जाण्याच्या गोष्टी: भीती खालच्या अंधाराची की वरच्या माणसांची?

तुमचा प्रश्न असा आहे की जिवंत पुरलं जाणं हा विषय कथा, सिनेमे, ऑपेरा, गाणी सगळीकडे फिरून फिरून का येतो आणि लोकांना त्यात एवढं काय दिसतं. नेहमीचं उत्तर म्हणजे अंधार, गुदमरणं, बंद जागेची भीती. चूक नाहीये ते, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण मग लिफ्टमध्ये अडकण्यावर पण लोकांनी ऑपेरे लिहिले असते ना! मला विचाराल तर या गोष्टींमध्ये पेटीतला माणूस निमित्ताला असतो, खरी गोष्ट असते वर उभ्या असलेल्यांची. कोणाला माहीत होतं, कोणी ऐकलं, आणि ऐकून कोण गप्प बसलं.

अमेरिकन लेखक एडगर अॅलन पो पासून सुरू करू, कारण या विषयाचा पाटील तोच. १८३९ ची त्याची 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' वाचली असेल तर आठवून बघा. भाऊ आपल्या बहिणीला वाड्याच्या तळघरात ठेवतो, ती मेली असं समजून. मग वादळी रात्र, आवाज, दार, वगैरे सगळा मसाला आहेच, पण अंगावर काटा येतो तो भावाच्या कबुलीवर. तो म्हणतो की तिची पहिली हालचाल मला कित्येक दिवसांपूर्वीच ऐकू आली होती, पण बोलायची हिंमत झाली नाही. म्हणजे बघा, तिला चुकून पुरलं हा अपघात झाला, पण त्यानंतरचे सगळे दिवस हा माणूस जेवला, झोपला, मित्राबरोबर पुस्तकं वाचत बसला, आणि खाली ती.

आणि १८४६ ची 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो' तर अख्खी गवंडीकाम करणाऱ्याच्याच तोंडून आहे. शत्रूला दारूच्या मिषानं तळघरात नेतो, साखळीनं बांधतो आणि थरावर थर विटा रचतो. मधे साखळ्यांचा खळखळाट ऐकू येतो तर हा काम थांबवून हाडांच्या ढिगावर बसतो, नीट ऐकता यावं म्हणून! आतला किंचाळायला लागतो तेव्हा हा त्याच्याहून मोठ्यानं किंचाळून दाखवतो. आतल्याच्या डोक्यावर विदूषकाची घुंगरांची टोपी आहे आणि शेवटी उत्तर म्हणून फक्त ती घुंगरं वाजतात. हे सगळं तो पन्नास वर्षांनी सांगतोय, आवाज जरासुद्धा न कापता. या विषयावर याच्या पुढे कोणी गेलंय असं मला तरी वाटत नाही.

आता एकोणिसाव्या शतकातच हे एवढं का बोकाळलं याला कारण होतं. स्टेथोस्कोपच मुळात १८१६ चा, त्याआधी नाडी लागेना, नाकापुढच्या आरशावर वाफ धरेना की संपलं, आणि कॉलऱ्याच्या साथीत तर लोकांना घाईघाईत पुरायचे. ब्रसेल्सला आंत्वान वीर्त्झ नावाच्या चित्रकाराचं १८५४ चं चित्र आहे, कॉलऱ्यात गेला म्हणून ठेवून दिलेला माणूस पेटीचं झाकण आतून वर ढकलतोय असं. मोठमोठी माणसं या भीतीनं पछाडलेली होती. आल्फ्रेड नोबेलच्या मृत्युपत्रात, हो, त्याच बक्षिसाच्या मृत्युपत्रात, शेवटी लिहिलंय की मेल्यावर माझ्या शिरा कापा, डॉक्टरांना खात्री पटू द्या आणि मगच दहन करा. परीकथावाला अँडरसन झोपताना उशाशी चिठ्ठी ठेवायचा की मी फक्त मेल्यासारखा दिसतोय. संगीतकार शोपँनं पण म्हणे मेल्यावर शरीर उघडायला सांगितलं होतं, त्याचं हृदय खरंच काढून वॉर्साला नेलं आणि तिथल्या एका चर्चच्या खांबात ते आहे.

मग यावर उपाय निघाले. खिडकीवाली, हवेची नळी असलेली पेटी १७९२ मध्ये ब्रन्सविकच्या ड्यूकनं स्वतःसाठी करवून घेतली होती, आणि १८९७ मध्ये एका काउंटनं असं यंत्र काढलं की छाती जरा हलली तरी वर घंटा वाजेल आणि झेंडा उभा राहील. पण मला सगळ्यात भारी वाटतात ती जर्मनीतली शवघरं जिथे प्रेतं काही दिवस नुसती ठेवून द्यायचे. म्युनिकचं शवघर मार्क ट्वेननं वर्णन केलंय: प्रत्येक मृताच्या बोटात अंगठी, अंगठीला तार, तार छतावरून पलीकडच्या खोलीतल्या घंटेला, आणि त्या खोलीत रात्रंदिवस एक पहारेकरी. म्हणजे ऐकायलाच पगारी माणूस ठेवला, कारण घरचे ऐकतील याची खात्री कोणाला?

पण हे श्रीमंतांचे चोचले झाले. त्याच्या आधीच्या हजारो वर्षांच्या गोष्टींमध्ये चुकून कोणी पुरलं जात नाही, मुद्दाम पुरतात, आणि कोणाला पुरतात ते बघण्यासारखं आहे. रोममध्ये व्हेस्टा देवीच्या कुमारिकांनी व्रत मोडलं तर त्यांना जमिनीखालच्या खोलीत बंद करायचे, आणि आत पलंग, दिवा, थोडी भाकरी, पाणी, दूध, तेल ठेवायचे. का? तर आम्ही मारलं नाही हो, आम्ही तर जेवण पण ठेवलं होतं! सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' या ग्रीक नाटकामध्ये राजा तेच करतो, पुतणी... नाही, भाची लागते ती त्याची, तिला गुहेत कोंडतो आणि नगरीला पाप लागू नये एवढ्यापुरतं अन्न देतो. कागदावर सगळं स्वच्छ.

आणि मग बांधकामाच्या गोष्टी. अल्बेनियातल्या श्कोडर शहराचा रोझाफा किल्ला, त्याची दंतकथा अशी की तिघं भाऊ दिवसा भिंत बांधायचे आणि रात्री ती पडायची. उद्या ज्याची बायको डबा घेऊन येईल तिला भिंतीत चिणायचं असं ठरतं. थोरले दोघं गुपचूप आपापल्या बायकांना सांगून टाकतात, धाकटा शब्द पाळतो, त्यामुळे त्याची जाते. ती म्हणते की एक स्तन, एक हात, एक पाय बाहेर राहू द्या, माझं तान्हं आहे, त्याला पाजेन, पाळणा हलवेन. सर्बिया, रुमानिया, ग्रीस सगळीकडे याच्या आवृत्त्या गाण्यांतून आहेत. लांब कशाला, शेजारी कन्नडमध्ये 'केरेगे हार' हे लोकगीत आहे, तळ्याला पाणी लागत नाही म्हणून धाकटी सून भागीरथी बळी जाते, तिथेही सूनच. आणि आपल्या पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा ऐकली असेल, बुरूज ढासळायचा म्हणून पायात जोडपं गाडलं, आणि ते जोडपं सांगतात ते गावकुसाबाहेरचंच. वतनदाराच्या घरचं कोणी गाडल्याची दंतकथा कुठे ऐकलीये का तुम्ही? मी तरी नाही.

संगीताकडे येतो. इटालियन संगीतकार व्हर्दीचा ऑपेरा 'आयडा' पहिल्यांदा कैरोला २४ डिसेंबर १८७१ ला झाला (खरं तर आधीच व्हायचा होता पण सेट आणि कपडे युद्धामुळे वेढा पडलेल्या पॅरिसमध्ये अडकले). शेवटच्या प्रवेशात स्टेज दोन मजली असतं. वर उजळलेलं मंदिर, खाली तळघर, त्यात सेनापती राडामेसला जिवंत बंद केलेलं आणि त्याची प्रेयसी आयडा आधीच येऊन लपलेली. दोघं पृथ्वीचा निरोप घेणारं गाणं गातात, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर, बरोबर त्या दगडावर, राजकन्या अम्नेरिस शांती मागत असते, जिच्या मत्सरापायी हे सगळं झालं ती. प्रेक्षकाला दोन्ही मजले एकदम दिसतात, त्या तिघांना नाही. आणि एवढा हत्तीघोड्यांचा ऑपेरा संपतो कसा, तर अगदी हळू, ढोल नाही ताशे नाहीत. हेच मेटल बँडवाल्यांच्या या विषयावरच्या गाण्यांमध्ये मला खटकतं, आवडतात मला, पण घसा फाडून ओरडलेलं वर ऐकू येत असेल तर मग प्रश्नच काय राहिला राव.

आपल्याकडे अर्थात अनारकली. इतिहासात किती खरं ते सोडा, पण १९५३ च्या 'अनारकली' ला संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचं, आणि 'ये जिंदगी उसी की है' हे लताबाईंचं गाणं त्यात दोनदा येतं, एकदा प्रेमाच्या धुंदीत आणि एकदा शेवटी, विटा चढत असताना. तीच ओळ, पण दुसऱ्यांदा ऐकवत नाही. १९६० च्या 'मुघल-ए-आझम' मध्ये मात्र अकबर तिच्या आईला दिलेल्या वचनासाठी भुयारातून तिला सोडून देतो आणि सलीमला पत्ता नसतो. सिनेमा म्हणून तो कितीही मोठा असो (आहेच), पण इथे वर उभ्या असलेल्या माणसाला सुटका मिळाली असं मला वाटतं, तिला कमी आणि त्याला जास्त.

हिंदीत एक गंमत म्हणजे आपण मुख्यतः दहन करणारे लोक, आपली भुतं पिंपळावर नाहीतर विहिरीत, त्यामुळे कबरीतून उठणारं मढं आपल्या घरचं नव्हतं. ते रामसे बंधूंनी १९७२ मध्ये 'दो गज जमीन के नीचे' मधून आणलं, आणि शूटिंग कुठे तर महाबळेश्वरला.

इंग्रजी सिनेमांचं थोडक्यात सांगतो. 'किल बिल' च्या दुसऱ्या भागात बाई पेटी ठोशानं फोडून बाहेर येते, मजा येते बघायला पण वरची माती ढोबळ हिशोबानं दोनेक टन भरेल, फळी फुटली की ती सगळी तोंडावर. २०१० चा 'बरीड' मात्र डेंजर आहे. इराकमधला एक ट्रक ड्रायव्हर, एक पेटी, एक लायटर, एक मोबाईल, आणि कॅमेरा पूर्ण सिनेमाभर पेटीच्या बाहेर जातच नाही. आता लायटर सारखा पेटवणं म्हणजे स्वतःचीच हवा जाळणं, आणि अशा बंद जागेत ऑक्सिजन संपायच्या आधी साठलेला कार्बन डायऑक्साइड माणसाला घेरतो, पण ते असो. त्यात एक फोन येतो कंपनीकडून. कंपनीचा माणूस शांतपणे, कॉल रेकॉर्ड होतोय असं सांगून, कळवतो की तुम्हाला आज सकाळपासूनच कामावरून कमी केलेलं आहे. म्हणजे विमा नाही, जबाबदारी नाही. ती रोमची भाकरी आणि दूधच हे, फक्त फोनवरून. इथे आवाज वरपर्यंत पोचतोय, नीट पोचतोय, आणि तरीही.

खाणींची गाणी पण याच घरातली. बी जीज या बँडचं १९६७ चं 'न्यूयॉर्क मायनिंग डिझास्टर १९४१' ऐका, नावात न्यूयॉर्क असलं तरी सुचलं ते वेल्समधल्या अॅबरफॅनवरून, जिथे १९६६ मध्ये खाणीच्या राडारोड्याचा डोंगर शाळेवर कोसळला आणि ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. गाण्यातला अडकलेला कामगार सोबत्याला बायकोचा फोटो दाखवतो, मोठ्यानं बोलू नको म्हणतो, आणि त्याला शंका येते की वरचे लोक आपण मेलो असं समजून घरी झोपायला गेले की काय. अॅबरफॅनला प्रत्यक्षात उलट झालं होतं, शिट्टी वाजली की खणणारे सगळे एकदम थांबायचे, खालून आवाज येतोय का ऐकायला. आपल्याकडे २०२३ मध्ये सिल्क्याराच्या बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस होते तेव्हा टीव्हीवर बघून आपण सगळेच तसे कान लावून बसलो होतो.

आता एक गोष्ट जी या यादीत घालावी की नाही यावर लोक भांडतील. आळंदी. संजीवन समाधी ही शिक्षा नाही, अपघात नाही, १२९६ मध्ये ज्ञानोबांनी ती स्वतः घेतली, त्यामुळे भयकथेच्या रांगेत ती बसत नाही आणि बसवूही नये. पण नामदेवांचे समाधीचे अभंग वाचलेत तर कळेल की तिथेही सगळी गोष्ट वर राहिलेल्यांची आहे. नामदेवांची मुलं जागा झाडतात, देव आणि निवृत्तिनाथ दोन्ही हात धरून नेतात, आणि मग तो निवृत्ती, सगळ्यांचा गुरू, तो कोसळतो; बांधलेल्या पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावं तसं झालं म्हणतात. कार्तिक वद्य त्रयोदशीला आजही आळंदीत नामदेवांच्या वंशजांचं कीर्तन होतं आणि तिथे माणसं ढसाढसा रडतात, सातशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर.

त्याच्यापुढचा भाग तर अजून भारी आहे. जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथांच्या स्वप्नात ज्ञानदेव येतात आणि तक्रार काय करतात तर 'अजानवृक्षाची मुळी कंठास लागली', आळंदीला ये आणि लवकर काढ. आणि नाथ पैठणहून निघतात, जाऊन मुळी दूर करतात. पुढे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली ती याच नाथांनी. मी एवढ्या गोष्टी वाचल्या, पाहिल्या, पण खालून हाक आली, वरच्यानं ऐकली, शंका घेतली नाही आणि सरळ उठून गेला अशी ही एकच मला सापडलीये. दुसरी कुठली माहीत असेल तर कॉमेंटमध्ये टाका, खरंच वाचायला आवडेल.

आणि एकच सिनेमा बघायचा असेल तर 'बरीड' च्या पण आधी 'स्पूरलोस' बघा, १९८८ चा, डच. पेट्रोल पंपावरून एकाची मैत्रीण गायब होते, तो वर्षानुवर्षं शोधतो, पुढे काय ते सांगत नाही. त्याच दिग्दर्शकानं १९९३ मध्ये हॉलिवूडमध्ये तोच सिनेमा परत केला आणि शेवट गोड केला. त्याच्या वाटेला जाऊ नका.