एक जोडी जुळली म्हणून...

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. चाचणीत विचारलं होतं, 'अपरिमेय संख्यांचा संच बेरजेसाठी संवृत आहे का?' तिनं √२ + √३ हे उदाहरण देऊन 'हो' लिहिलं. एकही मार्क मिळाला नाही. उदाहरण बरोबर असताना उत्तर चूक कसं? – एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, उदाहरण बरोबरच आहे, आणि ते सोपं नाही. पूर्णांक भागिले पूर्णांक अशी लिहिता येते ती परिमेय संख्या, येत नाही ती अपरिमेय. √२ + √३ चा वर्ग ५ + २√६. √६ अपरिमेय, म्हणून हा वर्गही अपरिमेय. परिमेय संख्येचा वर्ग परिमेयच असतो, म्हणून ही बेरीज परिमेय असूच शकत नाही. मी पेपर तपासला असता तर पोरीची पाठ नक्की थोपटली असती.

पण प्रश्न एका जोडीचा नव्हता. संवृत म्हणजे संचातल्या कुठल्याही दोन संख्या घ्या, उत्तर त्याच संचात आलं पाहिजे. आता √२ आणि ३ − √२ घ्या. दोन्ही अपरिमेय, बेरीज ३. गेलो संचाबाहेर! 'नाही' म्हणायला एवढी एक जोडी पुरते. 'हो' म्हणायला मात्र सगळ्या जोड्यांची हमी लागते. सम संख्यांची देता येते : २ × अ आणि २ × ब यांची बेरीज २ × (अ + ब), म्हणजे पुन्हा समच. तीस वर्षं नववीला शिकवलं. फळ्यावर दोन-तीन उदाहरणं जुळली की अख्खा वर्ग 'हो मॅडम' म्हणून मोकळा व्हायचा. तिथेच थांबवून विचारायला हवं, 'सगळ्यांचं जुळेल?'

वजाबाकीचंही असंच बघा. तिला आपल्या नागपूरच्या झीरो माइलचा चार घोड्यांचा खांब आठवायला सांगा. तो खांब म्हणजे शून्य. खांबापासून पूर्वेला ३ पावलं, मग उलट ५. नैसर्गिक संख्यांत (१, २, ३...) ३ − ५ ला उत्तर नाही. पूर्णांकांत ते −२, खांबाच्या पलीकडे. अशा संख्यांना ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये 'ऋण' म्हणून त्यांचे नियम लिहिले, तोच शब्द आपण आजही वापरतो.

भागाकारासाठी पूर्णांक अपुरे पडतात (७ ÷ २), म्हणून परिमेय संख्या. तिथेही शून्यानं भागता येत नाही. शून्य बाहेर काढलं की भागाकार संवृत होतो, पण मग बेरीज बिघडते. कोणत्या जोडीमुळे, ते तिलाच शोधू द्या.