बाळ सांभाळणाऱ्या बाईंची पोलीस पडताळणी झाली म्हणजे चौकशी पूर्ण झाली का?

आपण विचारले आहे की, आठ महिन्यांच्या बाळासाठी ब्युरोतून बाई ठेवायची आहे, त्यांच्याकडे बालसंगोपनाचे प्रमाणपत्र आहे, पोलीस पडताळणीही ब्युरोच करून देणार आहे, तर एवढे पुरेसे आहे का. माझ्या मते मुळीच नाही. पोलीस पडताळणीतून त्या व्यक्तीवर गुन्हा नोंदलेला आहे की नाही, एवढेच कळते. दुपारी तीन वाजता रडून लाल झालेल्या बाळाला ती कशी शांत करते, हे कोणत्याही पोलीस ठाण्याच्या दप्तरात नसते.

2014 साली माझा मुलगा सात महिन्यांचा असताना मी हिंजवडीतील नोकरीवर परत रुजू झाले. कायद्याने मिळणारी बाळंतपणाची रजा तेव्हा 12 आठवड्यांची होती (2017 च्या दुरुस्तीने ती 26 आठवड्यांची झाली), पुढचे महिने मी बिनपगारी रजेवर काढले होते आणि आणखी रजा मिळणे शक्य नव्हते. ब्युरोने पाठवलेल्या बाईंकडे आधार कार्ड, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि आधीच्या घरचे शिफारसपत्र असे सगळे होते. पत्रावरच्या नंबरवर मी फोन केला, "बाई कशा आहेत?" असे विचारले आणि पलीकडच्या स्त्रीने तोंड भरून कौतुक केले. माझे समाधान झाले.

त्यानंतर महिनाभर मी साडेसहाला घरी येई तेव्हा बाळ गाढ झोपलेले असे. तळपायाला गुदगुल्या केल्या तरी ते डोळे उघडत नसे. बाईंच्या हाताला गुण आहे, असेच मला वाटत राहिले. एके दिवशी लाळेरे धुवायला घेतले तर त्यावर नारिंगी, चिकट डाग दिसला आणि त्याला गोडसर वास येत होता. डॉक्टरांनी सर्दीसाठी दिलेले आणि दोन दिवसांत बंद केलेले औषध कपाटात होते. त्या बाटलीच्या तळाशी जेमतेम बोटभर औषध उरले होते. विचारल्यावर बाई अगदी सहजपणे म्हणाल्या, "एवढ्याशा औषधानं काही होत नाही, शांत झोपतं." त्याच रात्री आम्ही मुलाला डॉक्टरांकडे नेले आणि सुदैवाने त्याला काही अपाय झाला नव्हता. सर्दीच्या औषधांतील क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला. आमच्या वेळी बाटलीवर तसे काहीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी यजमानांच्या फोनवरून मी तो शिफारशीचा नंबर पुन्हा लावला, तेव्हा उचलणाऱ्या व्यक्तीने ब्युरोचे नाव सांगून "बोला" म्हटले.

म्हणून आपण फोन जरूर करा, परंतु कौतुक ऐकण्यासाठी करू नका. बाई आल्या तेव्हा बाळ किती महिन्यांचे होते, ते रांगायला कधी लागले, त्याला काय भरवत असत, बाईंनी काम कोणत्या महिन्यात आणि का सोडले, हे विचारा. खरी आई यावर थांबता थांबत नाही; बनावट शिफारस देणारी व्यक्ती दुसऱ्याच प्रश्नाला अडखळते. निदान दोन घरांशी बोला, आणि जमल्यास त्यांपैकी एका घरी प्रत्यक्ष जाऊन या. आधारवरील क्यूआर कोड यूआयडीएआयच्या अधिकृत ॲपने तपासता येतो, तेवढे करून मूळ कार्ड लगेच परत द्या. पहिले आठ दिवस घरात थांबा. औषधे कुलपात ठेवा.

हे फोन बाळाच्या वडिलांनीही करावेत, हे मी मुद्दाम लिहीत आहे. हा प्रकार कळल्यावर माझ्या नणंदबाई म्हणाल्या होत्या, "नोकरी सोडली असतीस तर ही वेळ आली नसती." हे मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही. चूक माझ्या नोकरीची नव्हती, अपुऱ्या चौकशीची होती, आणि चौकशी आई-वडील दोघांची जबाबदारी असते. बाळाच्या बाबांना कोणीही नोकरी सोडायला सांगितले नाही.

एक गोष्ट राहून गेली. या कामातील बहुसंख्य स्त्रिया प्रामाणिक असतात, त्यामुळे चौकशी करताना आरोपीची उलटतपासणी घेतल्यासारखे बोलू नये. घरात कॅमेरा लावणार असाल तर तसे आधी सांगावे; पगार, आठवड्याची सुट्टी आणि कामाचे तास पहिल्याच दिवशी लिहून द्यावेत. आमच्याकडे नंतर आलेल्या मावशींकडे प्रमाणपत्र नव्हते, पण पहिल्या भेटीत त्यांनीच मला विचारले होते की, बाळ झोपताना कशाला धरते. ते माझ्या ओढणीचे टोक धरत असे. पोलीस ठाण्यात त्यांची माहिती द्यायला आम्ही दोघी सोबत गेलो आणि पुढे सहा वर्षे त्या आमच्याकडे होत्या. गेल्या वर्षी भाचीच्या बाळासाठी बाई शोधताना नणंदबाईंनी शिफारशीचे दोन्ही फोन मलाच करायला सांगितले.