ट्रेलरवर जीप आणि समोर उभा घाट

प्रश्न: आमची ऑफ-रोडिंगची जीप ट्रेलरवर टाकून डोंगरापलीकडे न्यायचीये. मॅप दोन रस्ते दाखवतो, एक जवळचा पण एकदम उभा घाट, दुसरा ६० किलोमीटर लांबचा. ओढणारी गाडी दमदार आहे, मग जवळचाच घेऊ ना?

उत्तर: चढेल हो गाडी, पण खरी परीक्षा उतरताना असते. मॅप नुसता वेळ बघतो, तुमच्यामागे दोन-अडीच टन वजन लटकलंय हे त्याला कुठे माहितीये! त्यामुळे आधी उतार किती ते बघा, १० टक्के म्हणजे दर १०० मीटरला १० मीटर खाली, आणि असा उतार सलग ५-७ किलोमीटर असला की सारखे दाबून दाबून ब्रेक इतके तापतात की पेडल दाबलं तरी गाडी धड थांबत नाही. खालचा गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाकायचा, मधे नाही. वळणं पण सॅटेलाईट व्ह्यूमध्ये बघून घ्या, ट्रेलर आतल्या बाजूने कापत येतो. आणि उंचीवर हवा विरळ, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे "दमदार" पण तिथे जरा कमीच.

मी तर लांबचाच घेईन. जीप ट्रेलरवर बसवताना ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर येऊ द्या, कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर जवळच्या रस्त्याचा विषयच सोडा.