वाचकांचे प्रश्न : शांता आपटे यांची नीरा आणि प्रभातच्या फाटकावरचे उपोषण

गेल्या अंकात अभिनेत्री आणि गायिका शांता आपटे यांच्या कारकिर्दीचा गौरव करणारा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यावर विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून पत्रे आली. त्यांपैकी काही प्रश्न येथे उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात शिक्षिका आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त गावातील बचत गटाच्या महिलांना ‘कुंकू’ दाखवावा असे मनात आहे. ग्रामपंचायतीच्या सभागृहात पडद्याची सोय होऊ शकते. पण इतका जुना, कृष्णधवल चित्रपट त्या शेवटपर्यंत बसून पाहतील का? आणि सुरू करण्याआधी त्यांना काय सांगावे?

उत्तर : ताई, अवश्य दाखवा. चित्रपट १९३७चा असला तरी त्यातील घर, त्या घरातली कुजबुज आणि लग्न ठरवणाऱ्या नातेवाइकांचे हिशेब आपल्या महिलांना परके वाटणार नाहीत. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात फिल्म कंपनीने हा चित्रपट काढला आणि व्ही. शांताराम यांनी तो दिग्दर्शित केला. आईबापांविना वाढलेल्या नीराचे (शांता आपटे) लग्न मामा फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी लावून देतो, आणि आपण फसवलो गेलो हे कळताच नीरा त्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते, एवढीच गोष्ट. या वकिलाची, म्हणजे काकासाहेबांची, अवघड भूमिका केशवराव दाते यांनी केली आहे.

सुरुवातीला ‘संगीत शारदा’ची आठवण करून द्या. जरठ-कुमारी विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीच्या लग्नाचा, प्रश्न गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्येच रंगभूमीवर आणला होता आणि नाटकाची हौस असलेल्या आपल्या गावांमध्ये शारदेची पदे ठाऊक असणारी म्हातारी माणसे अजूनही भेटतात. पण शारदेचे लग्न मोडते ते वर आणि वधू सगोत्र असल्याचे उघडकीस येते म्हणून. कोदंड हा तरुण धावून येतो आणि जीव द्यायला निघालेल्या शारदेला तोच वाचवतो. नीराच्या मदतीला शास्त्रही येत नाही आणि कोदंडही येत नाही. लग्न लागून गेलेले आहे, माप ओलांडून झालेले आहे, आणि त्या घराच्या चार भिंतींच्या आत राहूनच तिला आपले म्हणणे टिकवायचे आहे. तिला कायद्याचाही आधार नव्हता. १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले होते, मात्र त्यापुढच्या वयाची मुलगी कितीही म्हाताऱ्याला देण्यास त्यात मज्जाव नव्हता. हे एवढे सांगितलेत की महिलांना नीराच्या हट्टाची किंमत आपोआप समजेल.

दुसरे, त्यांना कान देऊन पाहायला सांगा. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, फोनोग्राफची तबकडी, घरातली आदळआपट, जे त्या प्रसंगात खरोखर वाजते तेवढेच आपल्याला ऐकू येते. हल्लीच्या मालिकांच्या गोंगाटाला सरावलेल्या प्रेक्षकाला ही शांतता पहिली दहा मिनिटे जड जाईल, त्यानंतर मात्र तीच पकड घेते. सभागृहातील ध्वनिवर्धक आदल्या दिवशी तपासून ठेवा, कारण आवाज फाटला तर या चित्रपटाचे अर्धे बळ जाते. काकासाहेबांचा वयाने मोठा मुलगा नीराच्या वाटेला जाऊ पाहतो आणि ती हाती छडी घेऊन त्याला फोडून काढते, तो प्रसंग नीट पाहा. शांता आपटे यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी संताप आहे, पण घाबरलेल्या बाईचा आकांत जराही नाही. आपण करतो आहोत ते योग्यच आहे अशा खात्रीने तिचा हात चालतो. काकासाहेबांची मुलगी सुशीला हीसुद्धा लक्षात ठेवण्याजोगी आहे. समाजकार्य करणाऱ्या या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आणि प्रत्यक्ष आयुष्यातही त्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचे कार्य त्या काळात निर्भयपणे केले.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. चित्रपटाच्या शेवटी काकासाहेब नीराला पुन्हा लग्न करण्यास सांगणारे पत्र मागे ठेवून आपले जीवन संपवतात. आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येचा घाव सोसलेल्या अनेक भगिनी बचत गटांमध्ये आहेत आणि तुमच्या गटातही कदाचित असतील. त्यांना हा शेवट अंधारात अचानक समोर येऊ देऊ नका. चित्रपट सुरू करण्याआधी त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, आणि कोणाला शेवटची काही मिनिटे पाहायची नसतील तर त्यांनी उठून जाण्यात संकोच वाटू नये अशी त्यांची बसण्याची व्यवस्था दाराजवळ करा.

प्रश्न : मी दर्यापूरला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेख आवडला, पण एक शंका आहे. गोष्ट ना. ह. आपट्यांची, दिग्दर्शन शांतारामबापूंचे, संगीत केशवराव भोळ्यांचे. मग नीराच्या धाडसाचे श्रेय शांता आपटे यांना कशासाठी द्यायचे? नटीने तर सांगितलेले काम केले.

उत्तर : शंका रास्त आहे आणि चित्रपट ही अनेकांच्या मेहनतीची कला आहे हेही खरे. तरीसुद्धा त्या काळातील इतर बोलपटांतील गाणी आपण एकदा पाहावीत आणि नंतर शांता आपटे यांचे गाणे पाहावे, अशी विनंती आहे. सुरुवातीच्या बोलपटांत गाणारी पात्रे बहुधा एका जागी खिळल्यासारखी उभी राहून, बैठकीत गावे तसे गात. शांता आपटे यांचे संगीताचे शिक्षण पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात झाले होते आणि १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये लहानग्या राधेच्या भूमिकेत त्या पहिल्यांदा पडद्यावर आल्या. प्रभातच्या १९३४च्या ‘अमृतमंथन’मुळे त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. त्या गाताना हात बोलत, डोळे बोलत, मान सहज वळत असे, आणि गाणे हा त्या व्यक्तिरेखेच्या बोलण्याचाच पुढचा भाग वाटत असे. ही गोष्ट दिग्दर्शकाने कागदावर लिहून देता येत नाही.

‘कुंकू’त नीरा लाँगफेलो या अमेरिकी कवीच्या एका प्रसिद्ध इंग्रजी कवितेच्या ओळी गाते. जगाच्या विस्तीर्ण रणांगणावर मुकाट हाकलल्या जाणाऱ्या गुरांसारखे होऊ नका, झुंजीत वीरासारखे उभे राहा, असा त्या ओळींचा आशय आहे. खेड्यात वाढलेल्या कोणालाही हाकलली जाणारी गुरे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. १९३७ मध्ये मराठी घरातील एक सून इंग्रजी कविता भारतीय चालीवर गाते, हे दृश्य सहज हास्यास्पद होऊ शकले असते. ते तसे झाले नाही याचे कारण गाणारीचा त्या शब्दांवरचा विश्वास. माझ्या मते मराठी चित्रपटातील अभिनयाची ही एक मोठी कसोटी होती आणि शांताबाई तीत पूर्णपणे उतरल्या.

‘कुंकू’ची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ या नावाने निघाली. तिच्यात नायिकेचे नाव निर्मला आहे आणि ती भूमिकाही शांताबाईंनीच केली. पुढे १९४१ मध्ये तमिळ भाषेतील ‘सावित्री’ची नायिका होण्यासाठी त्या तमिळ शिकल्या. त्या चित्रपटात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केली होती. परक्या भाषेत, इतक्या मोठ्या गायिकेसोबत उभे राहायला तयार होणारी नटी फक्त सांगितलेले काम करत होती असे मला म्हणवत नाही.

प्रश्न : ‘अमरज्योती’तील समुद्रावर लुटारूंची टोळी चालवणारी राणी म्हणजे शांता आपटेच ना? आमच्या वाशीमच्या मित्रमंडळात यावरून पैज लागली आहे. (एक वाचक, मालेगाव तालुका)

उत्तर : नाही. १९३६च्या ‘अमरज्योती’त ती सौदामिनी दुर्गा खोटे यांनी साकारली. स्वतःच्या मुलाचा ताबा कायद्याने नाकारल्यामुळे सूडाला पेटलेली ही राणी आजही पाहण्यासारखी आहे. शांता आपटे त्याच चित्रपटात नंदिनी झाल्या आहेत. शांताबाईंचे निधन २४ फेब्रुवारी १९६४ रोजी झाले. दुर्गाबाईंना १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला आणि १९९१ मध्ये त्या गेल्या.

प्रश्न : आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहतो. थोडी धानाची शेती आहे. माझी मुलगी बी.ए. झाली असून दोन हंगामांपासून झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत काम करते. काम चांगले करते असे सारेच सांगतात. पण नातेवाईक म्हणतात की नाटकातल्या पोरीला चांगले स्थळ येणार नाही. त्यात गेल्या हंगामात ती तापाने आजारी पडली, तर कंपनीने तेवढ्या प्रयोगांचे पैसे तर दिले नाहीतच, उलट आधीच्या प्रयोगांच्या पैशांतूनही कापले. कराराच्या नावाने दिलेल्या कागदावर दुसरीकडे काम करायचे नाही एवढेच लिहिले आहे. तुमच्या लेखात शांता आपटे यांच्या उपोषणाचा उल्लेख वाचला. त्या नेमक्या कशासाठी बसल्या होत्या? आणि माझ्या मुलीने हे काम सोडून द्यावे का?

उत्तर : बाई, तुमच्या मुलीने काम सोडू नये असे मला मनापासून वाटते, आणि शांताबाईंची हकीकत तुम्हाला याच कारणासाठी सविस्तर सांगतो.

प्रभात ही त्या काळची अतिशय नामांकित कंपनी होती. नट, नटी, गवई, तंत्रज्ञ सारे तेथे मासिक पगारावर असत आणि कराराने बांधलेले असत. ‘कुंकू’ने शांताबाईंना देशभर ओळख दिली, पुढच्याच वर्षी ‘गोपाळकृष्ण’ही आला. आणि त्यानंतर जुलै १९३९ मध्ये, करार आणि पगार यांवरून वाद झाला तेव्हा, या नामवंत नायिकेने पुण्यातील त्याच प्रभातच्या फाटकाशी उपोषण सुरू केले. आज तेथे चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. उपोषणाचे शस्त्र गांधीजींमुळे सर्वांना माहीत होते, पण आपल्या मेहनतीच्या मोबदल्यासाठी एखादी नटी असे उघड्यावर बसेल ही कल्पना कोणी केली नव्हती. वर्तमानपत्रांत त्याची मोठी चर्चा झाली. पडद्यावर मुकाट हाकलले जाऊ नका असे गाणारी बाई कंपनीच्या दारातही मुकाट हाकलली गेली नाही, आणि मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत ही गोष्ट सर्वांत थोर वाटते.

दुसऱ्या वर्षी, १९४० मध्ये, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ या नावाचे मराठी पुस्तक लिहिले. चित्रपटाच्या झगमगाटाला भुलून येणाऱ्या मुलींना या धंद्यात होणारी पिळवणूक आतून दाखवणारे हे पुस्तक आहे. कलावंत हा कष्ट करून जगणारा माणूस आहे आणि त्याच्या कष्टांचा कोणी गैरफायदा घेत असेल तर ते बोलून दाखवलेच पाहिजे, ही दृष्टी त्यात आहे. चित्रपटात नाव असताना, त्याच धंद्यात पुढेही काम करायचे असताना असे लिहिणे सोपे नव्हते.

आता नातेवाइकांविषयी. दुर्गा खोटे या मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील होत्या आणि १९३१ मध्ये त्यांनी पहिल्यांदा चित्रपटात काम केले तेव्हा समाजाने त्यांनाही बोल लावले होते. दुसऱ्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’तील त्यांची तारामती पाहायला तीच मंडळी गेली. झाडीपट्टीचा मान तर आता दिल्लीपर्यंत पोहोचला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना या रंगभूमीच्या सेवेबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दिवाळीनंतर धान घरात आले की मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने ज्या गावांत रात्रभर नाटके चालतात, त्याच गावांतले लोक नाटकातल्या मुलीला नावे ठेवत असतील तर त्यांना आपण नम्रपणे पण ठामपणे उत्तर द्यायला हवे. मुलीला पाहायला पाहुणे आले तर ती नाटकात काम करते हे पहिल्याच बैठकीत सांगा, म्हणजे ज्यांना ते चालत नाही ते आधीच परत जातील.

पैशांचा प्रश्न मात्र बोलण्यावर सोडू नका. पुढचा हंगाम ठरवायला कंपनीचा माणूस येईल तेव्हा सर्व गोष्टी कागदावर घ्या. एका प्रयोगाचे मानधन किती आणि ते कोणत्या दिवशी मिळणार, अवकाळी पाऊस आल्याने किंवा आयोजकांनी ऐनवेळी प्रयोग रद्द केल्यास काय, कलाकार आजारी पडल्यास काय, रात्रीच्या प्रवासाचे वाहन कोणाचे, मुलींना कपडे बदलण्याची स्वतंत्र जागा कोणी द्यायची, हे त्यात यायला हवे. दुसरीकडे काम न करण्याची अट असेल तर ती किती महिन्यांसाठी आहे आणि त्या मुदतीत किमान किती प्रयोग देण्याची कंपनी हमी देते, हेही लिहून मागा, कारण एका बाजूनेच बांधणारा करार मान्य करण्याची तिला काही गरज नाही. सही झालेली एक प्रत तुमच्याकडे राहू द्या. मुलीने एका वहीत प्रत्येक प्रयोगाची तारीख, गाव आणि मिळालेली रक्कम लिहून ठेवावी.

गेल्या हंगामात कापलेल्या पैशांसाठी आधी कंपनीला लेखी पत्र द्या. उत्तर आले नाही तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, तेथे मोफत कायदेशीर मदत मिळते. जाताना तो जुना कागद आणि आजारपणातील औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, आणि नव्या कराराचा मसुदाही सही करण्याआधी तेथल्या वकिलांना दाखवून घ्या.