शेजारच्या ‘बागेच्या’ जागेवर टॉवर येतोय: मोर्चा काढण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. म्हणजे असं की 2022 ला पुण्याच्या वाघोलीत फ्लॅट घेतला, घेताना सेल्सवाल्याने शेजारच्या 3 एकरांवर बागेचं आरक्षण आहे म्हणून रंगीत नकाशा दाखवला, आता तिथे पत्रे लागलेत, खोदकाम चालू झालंय, 22 मजल्यांचे टॉवर आणि 400 फ्लॅट येणार असं ऐकताय, आणि सोसायटीत निम्मे लोक म्हणतात मोर्चा काढू, निम्मे म्हणतात वकील गाठू. माझं मत विचाराल तर आत्ता यातलं काहीच करू नका. आधी कागद काढा. कारण तुमचं भांडण नक्की कशाशी आहे, आरक्षणाशी, परवानगीशी की पाण्याशी, हेच अजून ठरलेलं नाहीये आणि या तिन्हीची टेबलं वेगळी आहेत.

आरक्षणापासून सुरू करतो कारण मला तिथेच मोठी शंका येतेय. 2022 ला तुम्हाला दाखवलेला नकाशा बहुतेक पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, प्रारूप विकास आराखड्याचा असणार. तो 2021 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि 2025 मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. प्रारूप म्हणजे मंजूर नाही हो! त्यात हिरवा रंग भरलेला होता म्हणून तिथे बाग होणारच असं कधीच नव्हतं, आणि आता तर तो नकाशाच राहिला नाही. मग त्या जागेला लागू काय, तर 1997 ची मंजूर प्रादेशिक योजना आणि 2020 ची बांधकामाची एकत्रित नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. जमीन रहिवास झोनमध्ये असेल तर मालकाला बांधायचा हक्क आहे. हे ऐकायला वाईट वाटतं, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे आधी सगळ्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर लोक चुकीच्या मुद्द्यावर वर्षभर दमतील.

म्हणून पहिलं काम, शेजारच्या जमिनीचा गट नंबर शोधा, सातबारा ऑनलाइन काढा, आणि त्या गटाचा झोन दाखला (जमीन कुठल्या झोनमध्ये आहे याचा) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशाचा तेवढा तुकडा) अर्ज करून घ्या. सही-शिक्क्याचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा नकाशा कुठेच चालत नाही.

(हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या भागात मंजूर डीपी, म्हणजे विकास आराखडा, असेल आणि त्यात खरंच आरक्षण असेल तर त्यांची गोष्ट वेगळी. तिथे एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम 127 बघा. 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देतो आणि पुढच्या 24 महिन्यांत भूसंपादनाची खरी पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप जातं. नुसता ठराव करून भागत नाही, सुप्रीम कोर्टाने 2007 च्या गिरनार ट्रेडर्स निकालात ते सांगून ठेवलंय. तेव्हा तुमच्या मैदानाला 10 वर्षं होत आली असतील तर मालकाची नोटीस आली का हे दर काही महिन्यांनी माहिती अधिकारात विचारत राहा. आरक्षणं अशीच गुपचूप जातात आणि रहिवाशांना कळतं ते पत्रे लागल्यावर.)

दुसरं, परवानगी. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकलं की मंजूर नकाशे, सीसी (बांधकाम सुरू करायचा परवाना), किती मजल्यांना परवानगी आहे हे सगळं फुकट बघता येतं. तिथे 22 मजले आहेत का 12 हे कळेल, कारण जाहिरातीतले मजले आणि सीसीमधले मजले बऱ्याचदा जुळत नाहीत. नंतर रस्ता बघा, आणि हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवेन. यूडीसीपीआरमध्ये एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते माप, रस्त्याच्या रुंदीला बांधलेलं आहे. 9 मीटरपेक्षा लहान रस्त्याला मूळ 1.1 वरच थांबावं लागतं, 9 ते 12 मीटरला प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) धरून 2 पर्यंत जाता येतं, 15 ते 24 मीटरला अडीच, 30 मीटर आणि वरती 3, आणि त्याच्यावर ॲन्सिलरीचे (जिने, बाल्कनी वगैरेसाठीच्या जादा एफएसआयचे) निवासीला 60 टक्के वेगळे. म्हणजे कागदावर रस्ता 9 चा 18 झाला की इमारत कितीतरी उंच होते. तुमच्याकडे प्रत्यक्षात टेप लावून रस्ता किती भरतो ते मोजा, फोटो काढा, मग फाइलमध्ये कुठला रस्ता किती मीटरचा दाखवलाय ते बघा. त्यासाठी कॉपी मागण्यापेक्षा माहिती अधिकारात फाइलची पाहणी मागा. 10 रुपयांचा अर्ज, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. पाहणीला दोघं-तिघं जा, सोबत सोसायटीतला कुणी सिव्हिल इंजिनिअर असेल तर उत्तम.

मोकळ्या जागेचं पण हिशोबाने समजून घ्या. 3 एकर म्हणजे साधारण 12 हजार चौरस मीटर. 4 हजारांच्या वर प्लॉट असेल तर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे 1200 चौरस मीटरच्या आसपास, पण ती त्यांच्या सभासदांसाठी. सार्वजनिक ॲमेनिटी स्पेसचा (बाग, शाळा अशा सोयींसाठी सोडायच्या जागेचा) नियम 20 हजार चौरस मीटरच्या पुढे लागतो, म्हणजे इथून सार्वजनिक बाग मिळण्याची आशा नियमाने तरी दिसत नाही.

आता पाणी. तुमची खरी ताकद इथे आहे असं मला मनापासून वाटतं. घरामागे 5 माणसं आणि माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारी माप धरलं तर 400 फ्लॅटना रोज 2 लाख 70 हजार लिटर लागतं, म्हणजे 10 हजार लिटरचे 27 टँकर, रोज, त्याच रस्त्यावरून ज्या रस्त्यावर आत्ताच तुमचे टँकर अडकतात. वाघोलीसह 23 गावं 2021 च्या जूनअखेर पुणे मनपात आली पण नियोजन प्राधिकरण म्हणून तेव्हा पीएमआरडीएला नेमलं, म्हणजे परवानगी एकाची आणि पाणी देणं दुसऱ्याचं असं झालं. या गावांमध्ये मनपाचं पाणी येईपर्यंत आम्ही स्वखर्चाने पाणी पुरवू असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जायचं. हे हमीपत्र मागवाच, नव्या प्रोजेक्टचंही आणि तुमच्या स्वतःच्या बिल्डरचंही!! कितीतरी सोसायट्या महिन्याला लाखो रुपये टँकरला घालतात आणि आपल्या बिल्डरने लेखी काय देऊन ठेवलंय हे त्यांना माहीतच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि पाण्यावरून कोर्ट ऐकत नाही असं कुणी म्हणालं तर 2016 चं बाणेर-बालेवाडी आणि 2017 चं ठाण्याचं घोडबंदर रोड आठवा. दोन्ही ठिकाणी पाणी नाही या मुद्द्यावर मुंबई हायकोर्टाने नवीन बांधकामांवर निर्बंध आणले होते. ते कायमचे राहिले नाहीत, पण यंत्रणा हलली. ‘आमचा व्ह्यू जातो’ किंवा ‘गर्दी वाढेल’ यावर असं काही होत नाही.

400 फ्लॅट असतील तर बांधकाम 20 हजार चौरस मीटरच्या वर जाणार, मग पर्यावरण मंजुरी लागते. इथे बरेच जण जनसुनावणीची वाट बघत बसतात, तर 2006 च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेत इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, तुम्हाला कुणी बोलावणार नाही. केंद्र सरकारच्या परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर स्वतः शोधायचं. मंजुरीपत्रात पाणी कुठून आणणार, सांडपाणी कुठे सोडणार, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) किती क्षमतेचा हे लिहिलेलं असतं, ते जागेवर जुळतंय का बघायचं. मंजुरीविरुद्ध एनजीटीत (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात) अपील करायला 30 दिवस आहेत, सबळ कारण असेल तर अजून 60, त्यानंतर दार बंद. पुण्यात खंडपीठ आहेच. मंजुरी न घेताच काम चालू असेल तर मग मात्र वेळ घालवू नका, सरळ वकील गाठा.

मोर्चाबद्दल. मोर्चाला माझा विरोध नाही, पण हातात कागद नसताना काढलेल्या मोर्चाला ‘बघतो, करतो’ एवढंच उत्तर मिळतं. शिवाय भाषा जपा. त्या 400 फ्लॅटमध्ये येणारे लोक तुमच्यासारखेच कर्ज काढून येणार आहेत, उद्या टँकरचा त्रास त्यांनाही आहे. ‘बाहेरचे नकोत’ असा सूर लागला की तुमचा चांगला मुद्दा पण वाया जातो.

तुमच्या भागाचा नवा आराखडा कधीतरी येणारच, तेव्हा हरकतीसाठी छापील फॉर्म वाटून सगळ्यांच्या सह्या घेण्याची पद्धत सोडा. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या 2013 च्या आराखड्यावर 87 हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, इतक्या ढिगात एकसारखा मजकूर एकच म्हणून वाचला जातो. प्रत्येकाने आपल्या शब्दांत, गट नंबर घालून, काय हवं ते नेमकं लिहायचं, ‘गट नंबर अमुक, बागेचं आरक्षण ठेवावं, कारण आसपास एकही सार्वजनिक मैदान नाही’, आणि पोच घ्यायची. सुनावणीला बोलावलं की जायचंच, तिथे बोलायला दोन-चार मिनिटं मिळतात, नकाशा हातात धरून मुद्दा सांगायचा आणि लेखी प्रत देऊन यायची.

राहिला तुम्हाला बाग दाखवून फ्लॅट विकणारा तुमचा बिल्डर. ब्रोशर, ईमेल, व्हॉट्सॲपवर आलेला तो नकाशा, काहीही जपून ठेवलं असेल तर रेरा कायद्याच्या कलम 12 खाली खोट्या माहितीवरून भरपाई मागता येते, तक्रारीची फी 5 हजार. तोंडी सांगितलं असेल तर सिद्ध करणं अवघड जाईल. तेव्हा आज संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच टाका की ज्यांच्याकडे बुकिंगच्या वेळचे कागद, मेसेज आहेत त्यांनी ते शोधून सेक्रेटरींकडे द्यावेत, आणि गट नंबर मिळाला की मला कळवा, झोन दाखल्याच्या अर्जाचा मसुदा मी करून देतो.